पाचवीचा मास्तर आणि सातवीचा तास



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस विषय विचारला, तेव्हा त्यांची अपेक्षा अशी असावी की हा कामगारांत वावरणारा माणूस बोनसवर बोलेल, नाहीतर महागाई भत्त्यावर बोलेल. आम्ही शिक्षकाच्या परवान्याचा विषय कळवला, तेव्हा त्यांपैकी एकांनी हसून विचारले, "परवाना रिक्षाला असतो, मास्तराला कसला परवाना?" आजच्या बोलण्याचा आरंभ त्या प्रश्नापासूनच करावा असे आम्हांस वाटते. आम्ही शाळेत फार वर्षे बसलो नाही. जे वाचले ते युनियनच्या कचेरीत, कामे आटोपल्यावर, आणि तेही बहुतेक कायद्याचेच. त्यामुळे शिक्षणशास्त्रावर आम्ही पंडिताप्रमाणे बोलू शकणार नाही. परंतु कोणत्या माणसाने कोणते काम करावे, त्यासाठी त्याच्यापाशी कोणता कागद असावा, आणि त्या कागदाच्या बदल्यात त्याच्या पदरात काय पडावे, हा तर आमचा रोजचा धंदाच आहे.

कारखान्यातले एक उदाहरण घ्या. बॉयलर सांभाळणाऱ्या माणसाला दुसऱ्या वर्गाचे प्रमाणपत्र असते, त्याच्यावर पहिल्या वर्गाचे असते. दुसऱ्या वर्गाचा माणूस काही वर्षे काम करतो, परीक्षा देतो, मग मोठा बॉयलर त्याच्या हाती येतो. मोटार हाकणाऱ्याचेही तसेच. हलक्या गाडीचा परवाना वर्षभर हाती असावा लागतो, तेव्हा कुठे मालवाहू गाडीच्या शिकाऊ परवान्याची वाट उघडते. या व्यवस्थेला कोणत्याही शहाण्या कामगाराने कधी विरोध केलेला नाही. बॉयलर फुटला तर पहिला भाजतो तो कामगारच. सातवीच्या वर्गात काही फुटले तर आवाज होत नाही, एवढाच काय तो फरक.

आता शिक्षकाच्या परवान्याकडे वळू. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. पहिली ते आठवी हे सारे प्राथमिक शिक्षण, असे या कायद्याने धरले, पण त्याचे दोन भाग पाडले. पहिली ते पाचवी हा एक, सहावी ते आठवी हा दुसरा. त्यानंतर २३ ऑगस्ट २०१० रोजी राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने शिक्षकाची किमान पात्रता ठरवून दिली. खालच्या भागासाठी बारावी आणि दोन वर्षांची शिक्षणपदविका, म्हणजे आपण ज्याला डी. एड. म्हणत आलो ती. वरच्या भागासाठी पदवी आणि तीच पदविका, किंवा पदवी आणि बी. एड. दोन्हींकडे त्यावर शिक्षक पात्रता परीक्षा, जिला सगळे टीईटी म्हणतात. तिचे पेपरही दोन. पहिला पेपर पाचवीपर्यंतचा, दुसरा सहावी ते आठवीचा.

म्हणजे पाचवीच्या गुरुजींना किंवा बाईंना सातवीचा तास घ्यावयाचा असेल तर रस्ता स्वच्छ आखलेला आहे. नोकरी करता करता पदवी घ्या, दुसरा पेपर द्या, आणि विषय शिक्षक व्हा. आपल्या राज्यातल्या कितीतरी शिक्षकांनी यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची पदवी अशीच, संसार सांभाळून, सुटीच्या दिवशी अभ्यास करून मिळवली. ज्याने आपले शिक्षण भाकरी कमावता कमावता केले, त्याची किंमत आम्हांस कोणी सांगावयास नको.

रस्ता आहे खरा. पण तो नेतो कुठे, आणि त्यावर खड्डे कोणते, हे सांगण्यासाठी आम्ही उभे आहोत.

पहिली गोष्ट अशी, की पाचवीकडून सातवीकडे जाणे म्हणजे वरची पायरी चढणे, ही समजूत आपण सोडली पाहिजे. तो दुसरा धंदा आहे. कातारी आणि जोडारी एकाच कारखान्यात काम करतात, त्यांत कोणी वरचा नाही की खालचा नाही; पण एकाचे काम दुसऱ्याला न शिकता येत नाही. हे आमचे पदरचे मत नव्हे. ११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने देवेश शर्मा यांच्या खटल्यात हेच सांगितले, पण उलट्या बाजूने. बी. एड. झालेल्यांना पहिली ते पाचवीवर नेमण्याची मुभा परिषदेने २०१८ साली दिली होती, ती न्यायालयाने रद्द केली. बी. एड. ही मोठी पदवी असेल, पण सहा वर्षांच्या मुलाला अक्षर कसे ओळखवावे याचे शिक्षण त्या पदवीत नाही, असा त्याचा मथितार्थ. आधी नेमल्या गेलेल्यांच्या नोकऱ्या राखल्या गेल्या, पण त्यांच्यासाठी सहा महिन्यांचा जोड अभ्यासक्रम ठरला. वरून खाली यावयासही पूल लागतो, तर खालून वर जावयास तो लागणार नाही काय?

हा पूल कशाचा असतो ते एका उदाहरणाने पाहू. चौथीचा शिक्षक अपूर्णांक शिकवतो. भाकरीचे चार तुकडे करतो, एक उचलतो, म्हणतो हा पाव. मुलाला दिसते, हाताला लागते. सातवीत ऋण संख्यांचा गुणाकार येतो. तिथे एखादी मुलगी उभी राहून विचारते, "गुरुजी, ऋण गुणिले ऋण धन का?" भाकरीचे ऋण तुकडे करता येत नाहीत! "नियमच तसा आहे, पाठ कर," असे उत्तर मिळाले तर त्या मुलीचे गणित त्या दिवशी बसले. परंतु ज्याने त्यावर विचार केला आहे तो सांगेल, "हे बघ, पाच पाच रुपयांच्या उधारीच्या चिठ्ठ्या आहेत. उधारी म्हणजे ऋण पाच. वाण्याने अशा तीन चिठ्ठ्या फाडून टाकल्या, म्हणजे तीन चिठ्ठ्या वजा झाल्या. आता तुझ्या घरची स्थिती किती रुपयांनी सुधारली?" मुलगी म्हणेल पंधरा. ऋण तीन गुणिले ऋण पाच, बरोबर धन पंधरा. उधारीचे घर जिने पाहिले आहे तिला हे कळावयास वेळ लागत नाही. पण हे उदाहरण वेळेवर सुचावे लागते, आणि सुचण्यासाठी विषय मनात मुरावा लागतो. विज्ञानात वस्तुमान आणि वजन यांतला भेद, भाषेत व्याकरणाचे कारण, इतिहासात एका घटनेमागचे दुसरे कारण, सगळीकडे हेच. पदवीच्या कागदाने हे मुरत नाही आणि एका दिवसाच्या परीक्षेनेही मुरत नाही.

या परीक्षेचाच थोडा हिशेब करू. हिशेब हा आमचा आवडता विषय. दुसरा पेपर १५० गुणांचा, १५० प्रश्नांचा, अडीच तासांचा, आणि सारे प्रश्न पर्याय निवडण्याचे. त्यात बालविकास व अध्यापनशास्त्र ३० गुण, पहिली भाषा ३०, दुसरी भाषा ३०, आणि उरलेले ६० गुण गणित व विज्ञान, किंवा सामाजिक शास्त्रे. साधारण उमेदवारास उत्तीर्ण होण्यास ६० टक्के, म्हणजे ९० गुण हवेत. आता बेरीज करा. तीस, तीस आणि तीस, नव्वद. परिषदेच्या २०११ च्या मार्गदर्शक सूचनांत टक्केवारी सांगितली आहे ती सबंध परीक्षेची. म्हणजे विषयाच्या साठ गुणांत एखाद्याला भला मोठा भोपळा मिळाला आणि बाकीचे सारे गुण मिळाले, तर कागदावर तो गणित शिकवण्यास पात्र! असा माणूस प्रत्यक्षात सापडणे कठीण, हे आम्ही जाणतो. पण परवान्याची कसोटी कशावर उभी आहे ते यावरून कळते. जी परीक्षा विषयाचा परवाना देते, तीत विषयाला स्वतंत्र उंबरठाच नाही.

आता दुसरा खड्डा पाहू. काही दिवसांपूर्वी आमच्या कचेरीत एक प्राथमिक शिक्षक आले. नाव सांगत नाही, गावही नको. म्हणाले, "भाऊ, माझी पदवी मराठीची. शाळेत विज्ञानाचा माणूस नाही, म्हणून सहावी-सातवीचे विज्ञान माझ्याकडे दिले आहे. मी रात्री मुलाच्या पुस्तकातून वाचतो आणि सकाळी शिकवतो." आम्ही विचारले, "गुरुजी, त्याचे जादा काही मिळते का?" ते नुसते हसले. कायद्याची अनुसूची सांगते की सहावी ते आठवीला विज्ञान व गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा या तिन्हींसाठी किमान एकेक शिक्षक हवा. पण कायद्यात तीन माणसे आणि शाळेत दोन, अशी गाठ पडली की कागदावर एका विषयाचा असलेला शिक्षक वर्गात तिन्ही विषयांचा होतो. परवाना वाढवण्याची ही चोरवाट आहे. शिकवण नाही, परीक्षा नाही, वेतन नाही. फक्त वेळापत्रकात नाव. आमच्या कारखान्यात कोणी जोडाऱ्याला असा बॉयलरवर उभा केला असता तर निरीक्षकाने काम बंद पाडले असते.

तिसरा खड्डा वेळेचा आणि पैशाचा. त्याच अनुसूचीत पहिली ते पाचवीला वर्षाचे २०० दिवस आणि अध्यापनाचे ८०० तास सांगितले आहेत, सहावी ते आठवीला २२० दिवस आणि १००० तास. वर गेलेल्या शिक्षकाचे काम मापाने वाढते, हे कायदाच कबूल करतो. शिवाय आठवड्याचे ४५ तास धरले आहेत, त्यांत तयारीचे तासही मोडतात. तयारीचा तास हा कामाचा तास आहे, ही गोष्ट किती गावांतल्या किती लोकांना ठाऊक आहे? आपल्याला वाटते घंटा झाली की मास्तर सुटला. आणि वेतनाकडे पाहावे, तर विषय शिक्षक म्हणून नेमलेल्या सगळ्यांना पदवीधर वेतनश्रेणी मिळत नाही, ही तक्रार आपल्या राज्यातल्या शिक्षक संघटना वर्षानुवर्षे मांडत आल्या आहेत. एकाच शाळेत, शेजारच्या दोन वर्गांत, एकच काम करणाऱ्या दोघांचा पगार वेगळा असेल, तर त्या शाळेत मुले कोणता नागरिकशास्त्राचा धडा शिकणार?

मंडळी, ही गोष्ट आजची नव्हे. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी निवेदन दिले. प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित असावा, शक्यतो शेतकरी वर्गातला असावा, त्याच्या प्रशिक्षणात शेतीचे आणि आरोग्याचे प्राथमिक ज्ञान असावे, असे त्यांनी मागितले. आणि त्याच निवेदनात त्याचा पगार दरमहा १२ रुपयांहून कमी नसावा, मोठ्या गावांत १५ ते २० रुपये असावा, असेही आकडे घालून सांगितले. शिकवण आणि पगार या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या केल्या नाहीत. आमच्या मते कामगार चळवळीचा सारा कायदा त्या एका मागणीत आहे: कामाची अट वाढवा, जरूर वाढवा, पण त्याबरोबर शिकवणही द्या आणि दामही द्या.

आता नाजूक भागाकडे येतो. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंजुमन इशात-ए-तालीम ट्रस्टच्या खटल्यात निकाल दिला. त्या निकालानुसार, हक्काचा कायदा येण्यापूर्वी नेमलेल्या आणि निवृत्तीस पाच वर्षांहून अधिक काळ असलेल्या शिक्षकांनी दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण झाले पाहिजे. नाही तर नोकरी सोडावी लागेल. ज्यांची पाच वर्षांहून कमी सेवा उरली त्यांनी निवृत्त होईपर्यंत राहावे, पण पदोन्नती हवी असेल तर परीक्षा द्यावीच लागेल. अल्पसंख्याक संस्थांचा प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवला गेला. काही राज्यांनी पुनर्विचाराची वाट धरली. प्राथमिक शिक्षकाच्या पाचवीला परीक्षा पुजलेलीच असते म्हणतात, पण या निकालाने ती पन्नाशीलाही येऊन ठेपली.

यावर आमच्या चळवळीतले कित्येक मित्र म्हणतात, परीक्षा नकोच. आणि कित्येक पालक म्हणतात, नापास मास्तर नकोच. आम्हांस दोघांशीही थोडे भांडावयाचे आहे.

शिक्षक मित्रांना आम्ही सांगतो, वीस वर्षे चौथी शिकवली हा मोठा अनुभव आहे, पण तो चौथीचा आहे. तुम्हांस सातवीचा तास हवा असेल, त्याची श्रेणी हवी असेल, तर सातवीची कसोटी नाकारू नका. जी संघटना कसोटीच नाकारते, तिच्या सभासदाच्या कौशल्याला बाजारात किंमत राहत नाही. कारागिराने आपल्या धंद्याची परीक्षा कडक ठेवली म्हणूनच कारागिराला मान मिळाला.

आणि पालकांना आम्ही सांगतो, नवे काम मागणाऱ्याची परीक्षा घेणे वेगळे, आणि नेमले तेव्हाचे सारे नियम पाळून ज्याने जन्म घालवला त्याच्या हातचे जुने काम एका पेपरावर काढून घेणे वेगळे. परवाना वाढवताना परीक्षा हवी, हे न्याय्य आहे. हाती असलेला परवाना काढून घ्यावयाचा तर आधी शिकवण्याची पुरेपूर संधी द्यावी, त्याचे वर्गातले काम जाऊन पाहावे, मग निर्णय करावा. हेही तितकेच न्याय्य आहे. मुलाचा हक्क आणि मास्तराची भाकरी या दोन गोष्टी एकमेकींविरुद्ध उभ्या करू नका. जो शिक्षक उद्याच्या नोकरीच्या धास्तीने वर्गात प्रश्नसंच चाळतो आहे, त्याच्या पुढ्यातल्या मुलाला कोणता हक्क मिळतो?

मग करावे काय? कामगार संघटकाला मागण्या मांडल्याशिवाय खाली बसता येत नाही, तेव्हा त्या मांडतो.

पहिली मागणी अशी, की शिक्षकाला वरच्या वर्गांवर न्यावयाचे तर त्याला विषयाचा खरा अभ्यासक्रम द्यावा, तोही नोकरीच्या वेळेत, पगारी रजेसह. कारखान्यात नवे यंत्र आले की ते शिकवण्याचा खर्च मालक करतो. इथे मालक आपण सारे आहोत. पाचवीकडून सातवीकडे जाणारासाठी सहा महिन्यांचा विषयाचा जोडवर्ग असावा, आणि परीक्षेत विषयाला स्वतंत्र किमान गुण असावेत.

दुसरी मागणी, ज्याच्याकडून विषय शिक्षकाचे काम घेता त्याला विषय शिक्षकाची श्रेणी द्या. परवाना वाढला आणि पगार तोच राहिला, तर ती बढती नव्हे, ती वेठ आहे.

तिसरी मागणी ऐकून काहींना आश्चर्य वाटेल. जो उत्तम पहिली-दुसरी शिकवतो, त्याला वर जाण्याची सक्ती वा लालूच असू नये. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात हे वाक्यच आहे म्हणाना, की शिक्षकाची वाढ, पगार आणि बढती त्याच्या त्याच टप्प्यात राहूनही व्हावी, आणि केवळ बढतीसाठी एका टप्प्यावरून दुसऱ्यावर जाण्याचे कारण उरू नये. इच्छा आणि पात्रता असेल त्याने जावे. धोरणाच्या कागदावर आलेली ही गोष्ट पगारपत्रकावर यावी, एवढेच आमचे मागणे. आज चांगला पहिलीचा मास्तर पगारासाठी सातवीवर जातो, आणि आपण दोन वर्ग एकदम गमावतो.

चौथी मागणी तुमच्याकडे आहे, श्रोतेहो. विनाअनुदानित शाळा सोडल्या तर प्रत्येक शाळेत व्यवस्थापन समिती असते. तिचे किमान पाऊण सभासद पालक असावेत आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे कायदा म्हणतो. या समितीच्या बैठकीला जा. रंगरंगोटी आणि स्नेहसंमेलन यांच्या पुढे जाऊन तीन प्रश्न विचारा. सहावी ते आठवीला आमच्या शाळेत विज्ञान-गणिताचा शिक्षक कोण? त्याने तो विषय कुठे शिकला? आणि तयारीसाठी त्याला दिवसात किती वेळ मिळतो? हे प्रश्न मास्तरावर डोळे वटारून विचारू नका. मास्तराच्या शेजारी बसून, वरच्या कचेरीला उद्देशून विचारा. जनगणना, आपत्ती आणि निवडणुका सोडून शिक्षकाला दुसऱ्या कामाला जुंपू नये, असे कायद्याचे कलम २७ सांगते. ते कलम शाळेच्या भिंतीवर सुविचाराच्या शेजारी लिहून ठेवले तरी पुष्कळ काम होईल.

आमच्या आयुष्यात पुष्कळ परवाने पाहिले. कोणताही परवाना कागदाने भारी होत नाही. तो ज्याच्या खिशात आहे त्याला काम येते काय, आणि त्या कामाचा मोबदला त्याला मिळतो काय, यावर त्याचा भार ठरतो. पाचवीच्या मास्तराला सातवीचा तास अवश्य द्या. पण देताना त्याच्या एका हातात पुस्तक द्या आणि दुसऱ्या हातात त्याचे दाम द्या. रिकाम्या हाती पाठवलेला मास्तर वर्गात जाईल, फळ्यावर नियम लिहील, आणि "ऋण गुणिले ऋण धन का?" म्हणून विचारणारी ती मुलगी खाली बसेल. तिला उभे ठेवण्याची जबाबदारी एकट्या मास्तराची नाही, या सभागृहात बसलेल्या आपणा सर्वांची आहे.